वीस मिनिटं वर्गात उभं करा

सहायक प्राध्यापकाची निवड कशी करायची, याबद्दल विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) १८ जुलै २०१८ च्या नियमावलीत एक स्पष्ट तरतूद आहे. पदवी, पदव्युत्तर पदवी, पीएच.डी., नेट-सेट या पात्रता परीक्षा, शोधनिबंध आणि अध्यापनाचा अनुभव यांच्या गुणांची बेरीज करायची, ती मुलाखतीला कोणाला बोलवायचं हे ठरवण्यापुरती. निवड मात्र मुलाखतीतल्या कामगिरीवरच करायची. म्हणजे दहा-बारा वर्षांचं शिक्षण आणि संशोधन उमेदवाराला समितीच्या खोलीपर्यंत आणून सोडतं आणि पुढचा निकाल त्या खोलीतल्या दहा-पंधरा मिनिटांत लागतो. एवढा भार ज्या मिनिटांवर टाकला आहे, त्यांत बहुतेक ठिकाणी उमेदवाराला शिकवता येतं की नाही हे पाहिलंच जात नाही. ठाणे आणि नवी मुंबईतल्या महाविद्यालयांनी हे बदलावं, मुलाखतीला आलेल्या प्रत्येकाला खऱ्या विद्यार्थ्यांसमोर वीस मिनिटं वर्गात उभं करावं आणि निवडीत त्या वर्गपाठाला सर्वांत जास्त गुण ठेवावेत, असं माझं ठाम मत आहे. उमेदवारांच्या तयारीची दिशाही त्यानंच सुधारेल, कारण जे तपासलं जातं त्याचीच लोक तयारी करतात.

याला नियमांत आधार नाही असं कोणी म्हणू नये. मुलाखतीच्या टप्प्यावर वर्गातलं व्याख्यान किंवा सेमिनार घेऊन अध्यापनाची आणि संशोधनाची कुवत जोखता येईल, असं त्याच नियमावलीत विद्यापीठांसाठी लिहिलं आहे. शब्द सक्तीचे नाहीत, मुभा देणारे आहेत. मुभा दिली की ती घेतली जात नाही, हा आपल्याकडचा अनुभव. काही ठिकाणी डेमो होतो तोही समितीसमोरच, दोन-तीन मिनिटांचा. उमेदवार फळ्याकडे वळून व्याख्या लिहितो तोवर ‘ठीक आहे, बसा’ असं म्हटलं जातं.

आता याच्यासमोर कामाचा हिशेब ठेवून बघा. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आणि वर्षाला ३० आठवडे कामाचे, असं नियम सांगतो. वर्षाचे झाले ४८० तास. तिसाव्या वर्षी रुजू झालेला माणूस साठाव्या वर्षी निवृत्त होईपर्यंत, नियमाच्या हिशेबानं, १४,४०० तास वर्गात उभा राहणार. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे त्याचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं आणि अनुदानित पद असेल तर ते सरकारी तिजोरीतून जातं. इतक्या तासांच्या कामासाठी माणूस घेताना त्याची वीस मिनिटं पाहायला वेळ नाही, हे कारण कोणत्याही संस्थेला शोभत नाही.

समितीची रचना समजून घेतली की मुलाखती अशा का होतात हे कळतं. महाविद्यालयाच्या समितीत संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांचे प्रतिनिधी, प्राचार्य, विभागप्रमुख, कुलगुरूंनी पाठवलेले दोन प्रतिनिधी (त्यांतला एक विषयतज्ज्ञ) आणि बाहेरचे दोन विषयतज्ज्ञ असतात. गणपूर्तीला पाच जण लागतात आणि तीन विषयतज्ज्ञांपैकी किमान दोघं हजर असावे लागतात. अनुदानित पद असेल तर शासनाचा प्रतिनिधी येतो. आपल्या भागासाठी ते काम पनवेलच्या उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाकडे आहे. टेबलापलीकडे सात-आठ माणसं, आणि विषयातलं खोलवर विचारू शकतील अशी तीन-चार. बाकीच्यांनी काही तरी विचारायलाच हवं, म्हणून मग ठरलेले प्रश्न येतात: नवं शैक्षणिक धोरण काय आहे, महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकचे निकष किती, इथेच का यावंसं वाटलं. पहिल्या दोनांची उत्तरं सेटच्या पेपर एकच्या कोणत्याही गाइडमध्ये मिळतात. निकष किती आहेत हे सांगता आलं म्हणून कोणी चांगला शिक्षक ठरत नाही आणि अडखळला म्हणून वाईटही ठरत नाही.

धोरणाबद्दल विचारायचंच असेल तर कामाचं विचारता येतं. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत पदवीला नवी रचना २०२४-२५ पासून सुरू झाली. सत्राला २२ क्रेडिट (श्रेयांक), तीन वर्षांची पदवी १३२ क्रेडिटची, चार वर्षांची १७६ ची. मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला ऐच्छिक विषय), कौशल्याचे पेपर, भारतीय ज्ञानप्रणाली, ऑन जॉब ट्रेनिंग असे भाग पडले. लेखी विषयाच्या एका क्रेडिटला १५ तास. मग उमेदवाराला विचारा: तुमच्या विषयातला दोन क्रेडिटचा ओपन इलेक्टिव्ह वाणिज्य शाखेच्या मुलांना द्यायचा आहे, हातात ३० तास आहेत, काय घ्याल आणि काय गाळाल? या एका प्रश्नात धोरणाची माहिती, विषयाची जाण आणि वर्गाचा अंदाज तिन्ही कळतं. पाठांतर इथे चालत नाही. उमेदवारानंही हा प्रश्न कोणी विचारो न विचारो, याचं उत्तर कागदावर मांडूनच जावं. गाळलेल्या गोष्टींची कारणं देता आली पाहिजेत. बहुतेक जण काय घेणार याची लांबलचक यादी सांगतात आणि ३० तासांत साठ तासांचा मजकूर कोंबून बसतात.

तयारीची सुरुवात मात्र फाइलपासून होते आणि तिथे चांगली माणसं हकनाक मागे पडतात. मुलाखतीला कोणाला बोलवायचं हे ठरवणाऱ्या गुणांच्या, यूजीसीच्या महाविद्यालयांसाठीच्या तक्त्यात पदवीला ६० ते ८० टक्क्यांमध्ये १९ गुण आहेत आणि ५५ ते ६० मध्ये १६. पदव्युत्तरला त्याच टप्प्यांसाठी २३ आणि २०. पीएच.डी.ला २५, नेटला ८, जेआरएफ या संशोधनवृत्तीसह नेटला १०, सेटला ५. शोधनिबंधांना प्रत्येकी २ आणि जास्तीत जास्त ६. अनुभवाला वर्षाला २ आणि जास्तीत जास्त १०. पदवीला साठ टक्के थोडक्यात हुकले तर तीन गुण जातात, आणि ते भरून काढायला दीड वर्षाचा अनुभव लागतो. वर्षापेक्षा कमी अनुभवाचे गुण त्या प्रमाणात कमी होतात. म्हणून अनुभवाच्या दाखल्यावर ‘दोन सत्रं शिकवलं’ एवढं लिहून चालत नाही. रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पूर्णवेळ की तासिका तत्त्वावर (तासागणिक मानधनावर), आठवड्याचे तास, वेतन आणि नेमणुकीला विद्यापीठाच्या मान्यतेचं पत्र, एवढं सगळं हवं. मान्यतेचं पत्र नसेल तर छाननीत त्या वर्षांवरच प्रश्नचिन्ह लागतं. ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या विनाअनुदानित अभ्यासक्रमांवर, बीएमएस, बीएस्सी आयटी, अकाउंटिंग अँड फायनान्स अशा ठिकाणी, वर्षानुवर्षं शिकवणाऱ्यांची नेमकी इथेच अडचण होते. हे पत्र नोकरी सोडताना मागायचं नसतं, रुजू झाल्याच्या वर्षीच मागायचं असतं.

बाकीचे कागद थोडक्यात. गुणपत्रिकेवर टक्क्यांऐवजी सीजीपीए (श्रेणीगुणांची सरासरी) असेल तर टक्केवारीत रूपांतराचं विद्यापीठाचं पत्र, कारण पदव्युत्तरला ५५ टक्क्यांची अट त्यावरून तपासली जाते. नेट-सेट नसलेल्या पीएच.डी.धारकांकडे पदवी यूजीसीच्या २००९ किंवा २०१६ च्या नियमांनुसार मिळाल्याचं प्रमाणपत्र. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. सक्तीची राहिलेली नाही, नेट किंवा सेट पुरते. राखीव जागेसाठी अर्ज असेल तर जात प्रमाणपत्र, वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तिथे चालू मुदतीचं नॉन-क्रीमी लेयर. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणीचा दाखला. सध्या नोकरीत असाल तर ना-हरकत पत्र. हे सगळं जाहिरातीत ज्या क्रमानं मागितलं असेल त्याच क्रमानं लावावं, पानांना आकडे घालावेत आणि पहिल्या पानावर अनुक्रमणिका ठेवावी. समितीतला माणूस फाइल चाळतच प्रश्न विचारत असतो. शोधलेला कागद सापडला नाही की त्याचं लक्ष उत्तरावरून उडतं.

शोधनिबंधांबद्दल सध्या एक नवी अडचण आहे. यूजीसीनं मान्य शोधनियतकालिकांची ‘केअर’ यादी बंद केल्याचं फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं. त्यामुळे ‘केअरमध्ये आहे’ एवढं उत्तर आता पुरत नाही. नियतकालिक कोण काढतं, परीक्षण कसं होतं, परीक्षकांनी कोणती दुरुस्ती सुचवली आणि ती कशी केली, हे सांगता आलं पाहिजे. परीक्षकांचे अभिप्राय जपून ठेवले असतील तर त्यांच्या छापील प्रती फाइलमध्ये लावाव्यात. पैसे भरून आठ दिवसांत छापून आलेल्या निबंधाला असे अभिप्राय नसतात, आणि जाणता विषयतज्ज्ञ तेच विचारतो.

पीएच.डी.चा विषय दोन मिनिटांत सांगा, हा हमखास येणारा प्रश्न. इथे जवळपास सगळे प्रबंधाचं शीर्षक सांगून प्रकरणं मोजायला लागतात. प्रकरणांची नावं कोणाला नको असतात. कोणता प्रश्न अनुत्तरित होता, तो कशा पद्धतीनं हाताळला, काय हाती लागलं आणि या निष्कर्षाची मर्यादा कुठे संपते, या चार गोष्टी आठ-दहा वाक्यांत यायला हव्यात. शेवटची गोष्ट बहुतेकांच्या तयारीत नसते. तिच्यावरच पुढचा प्रश्न येतो, आणि ती आपण होऊन सांगणाऱ्याबद्दल समितीचं मत लगेच बदलतं. ‘तुमच्या आवडीचा पेपर कोणता’, म्हणजे अभ्यासक्रमातला विषय कोणता, हाही तसाच प्रश्न. जो पेपर सांगाल त्याचीच पुढची दहा मिनिटं चिरफाड होणार. तेव्हा विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून चालू अभ्यासक्रम उतरवून घ्यावा, तीन पेपर निवडावेत आणि प्रत्येक घटकासाठी एक प्रश्न, एक उदाहरण आणि मुलं हमखास करतात अशी एक चूक लिहून काढावी. मुलांच्या चुका माहीत असणं ही शिक्षकाची खरी ओळख आहे. ती पुस्तकातून मिळत नाही.

आता वर्गपाठ. तो कसा असावा हे एका उदाहरणावर नीट पाहू. अर्थशास्त्राचं पद आहे आणि प्रथम वर्षासाठी ‘मागणीची लवचिकता’ हा विषय दिला आहे. कच्ची तयारी असलेला उमेदवार मार्शलच्या व्याख्येपासून सुरुवात करतो, लवचिकतेचे पाच प्रकार लिहितो, पाच आलेख काढतो आणि वेळ संपतो. वर्गातलं एकही मूल तोंड उघडत नाही. याउलट असं करता येतं: वाशीच्या एपीएमसीत आवक घटली आणि समजा कांदा किलोला २० रुपयांवरून ३० वर गेला. घरी आठवड्याला ५ किलो लागायचा, आता ४ आणतात. मुलांनाच विचारायचं: भाव किती टक्के वाढला? ५० टक्के. खरेदी किती टक्के घटली? २० टक्के. वीस भागिले पन्नास, ०.४. एकापेक्षा कमी, म्हणजे भाव वाढला तितकी मागणी पडली नाही. व्याख्या आता फळ्यावर येते, तोवर मुलांनी ती स्वतः हाताळलेली असते.

पण खरी कसोटी पुढे आहे. भाव ३० वरून परत २० वर आला आणि घरात पुन्हा ५ किलो यायला लागला तर? मागणी २५ टक्क्यांनी वाढली, भाव ३३.३ टक्क्यांनी उतरला, उत्तर ०.७५. तोच कांदा, तेच घर, तेच दोन भाव, आणि आकडा वेगळा. मुलं इथे गोंधळतात आणि गोंधळायलाच हवं. पाया बदलला की टक्केवारी बदलते, हे कळलं की मग मध्यबिंदूची पद्धत काढायची: किमतीतला फरक १० भागिले सरासरी २५, म्हणजे ४० टक्के, खरेदीतला फरक १ भागिले सरासरी ४.५, म्हणजे साधारण २२.२ टक्के, उत्तर दोन्ही दिशांनी ०.५६ च्या जवळ. वीस मिनिटांत एवढंच करावं. पाच प्रकारांची यादी पुस्तकात आहे. हा खाचखळगा दाखवायला मात्र शिक्षक लागतो. ज्याला हा फरक स्वतःला माहीत नाही त्याला वर्गातल्या एखाद्या मुलीच्या शंकेचं उत्तर देता येत नाही. समितीला नेमकं हेच पाहायचं असतं, किंवा पाहायचं असायला हवं.

प्रत्येक विषयात असा एखादा खळगा असतोच. उमेदवारानं तो शोधून त्याभोवती पाठ बांधावा. वेळेची वाटणी साधारण अशी: पहिली तीन मिनिटं प्रश्न आणि उदाहरण, पुढची आठ मिनिटं फळ्यावर मांडणी, चार मिनिटं मुलांना वहीत सोडवायला आणि शेवटची पाच त्यांच्या शंकांना. मुलांना दिलेली चार मिनिटं वाया गेल्यासारखी वाटतात आणि घाबरलेला उमेदवार तीच आधी कापतो. ती कापू नयेत. बाकांमधून फिरत वह्यांत डोकावलं की कुठे चुकतंय हे दिसतं, आणि पुढची दोन वाक्यं त्यावर बोलता येतात. घरी सराव करताना मोबाइलवर वेळ लावून, उभं राहून, मोठ्यानं बोलून करावा. मनातल्या मनात सोळा मिनिटांत संपलेला पाठ वर्गात पंचवीस मिनिटं घेतो, कारण लिहायला लागणारा वेळ मनात मोजला जात नाही.

फळ्याचंही शास्त्र आहे. डाव्या कोपऱ्यातून सुरुवात, मुख्य आकडे शेवटपर्यंत न पुसता, अक्षर शेवटच्या बाकावरून वाचता येईल असं, म्हणजे सुमारे दोन इंच उंच. लिहिताना बाजूला उभं राहून लिहावं आणि वर्गाकडे तोंड करूनच बोलावं. खिशात दोन मार्कर आणि दोन खडू ठेवावेत. वर्गातला मार्कर ऐन वेळी वाळलेला निघणं हे नेहमीचंच. पीपीटी करायची तर सहा-सात स्लाइडच्या वर नको, तिची पीडीएफ पेन ड्राइव्हवर असावी, आणि प्रोजेक्टर चालूच झाला नाही तरी पाठ अडता कामा नये. प्रोजेक्टर सुरू होण्याची वाट पाहत पाच मिनिटं उभा राहिलेला उमेदवार त्या पाच मिनिटांत हरलेला असतो.

भाषेचा प्रश्न इथे जरा जास्त टोकदार आहे. ठाण्याच्या, कल्याणच्या, पनवेलच्या वर्गांत मुरबाड-शहापूरच्या आश्रमशाळेतून आलेली मुलं असतात, उरणची असतात, दिवा-मुंब्र्याची असतात, नेरूळ-खारघरच्या इंग्रजी माध्यमातलीही असतात. अशा वर्गात फक्त सफाईदार इंग्रजी बोलणारा चांगलाच शिकवेल असं नाही. पण मुलाखत इंग्रजीत होते आणि तिथल्या उच्चारांवरून माणसाची किंमत केली जाते. मराठी माध्यमातून आलेला उमेदवार विषय जाणत असूनही दबतो. वर्गपाठ खऱ्या विद्यार्थ्यांसमोर झाला तर ही तफावत बरीच कमी होईल, कारण मुलांना कळलं की नाही हे त्यांच्या वह्यांत दिसतं. तोवर उमेदवारानं करायची तजवीज एवढीच: विषयातल्या वीस-पंचवीस मुख्य संज्ञा दोन्ही भाषांत तयार ठेवाव्यात, आणि पाठाच्या आरंभी समितीला सरळ विचारावं की दोन्ही भाषा वापरल्या तर चालेल का. विचारण्यात कमीपणा नाही. शिकवण्याचा विचार आधी केला आहे, हे त्यातून कळतं.

या मागणीवर आक्षेप येतील. पहिला वेळेचा. चाळीस उमेदवार असतील तर वीस मिनिटांनी तेरा तासांच्या वर लागतात. बरोबर आहे, पण किती जणांना बोलवायचं हे ठरवण्याचा अधिकार महाविद्यालयाकडेच आहे. एका जागेला सहा जण बोलावले तर दोन तासांत वर्गपाठ होतात. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, पाच वर्षं शिकवलेला उमेदवार वर्गात सहज उभा राहील आणि प्रयोगशाळेतून नुकताच बाहेर पडलेला संशोधक मागे पडेल. हे काही अंशी होईल. म्हणून विषय किमान ४८ तास आधी कळवावा, म्हणजे अनुभव नसलेल्यालाही सराव करता येईल, आणि गुण देताना आवाज-हावभावांपेक्षा आशयाची अचूकता, उदाहरणाची निवड आणि शंकेला दिलेलं उत्तर यांना जास्त गुण असावेत. संशोधनाची पारख वेगळी, टेबलावर, विषयतज्ज्ञांनी करावी. ते कामही आहेच. पण पदवी महाविद्यालयात आठवड्याचे सोळा तास वर्गासाठी आहेत हे विसरून चालणार नाही.

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, हताशा आहे. ‘आधीच ठरलेलं असतं’ हे वाक्य प्रत्येक उमेदवाराच्या तोंडी असतं, आणि अनुदानित जागांसाठी पैशांच्या व्यवहाराची चर्चा महाराष्ट्रात उघडपणे होते. ती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. पण बंद खोलीतल्या दहा मिनिटांच्या गप्पांचे गुण कसेही लावता येतात. साठ विद्यार्थ्यांसमोर झालेल्या, चित्रीकरण केलेल्या आणि मुद्देवार गुणपत्रिका भरलेल्या वर्गपाठाचे गुण फिरवणं अवघड जातं. ज्याला आकडेमोड जमली नाही त्याला पहिला क्रमांक देताना सही करणाऱ्या तज्ज्ञाचा हात थबकेल. भ्रष्टाचार यानं संपेल असा दावा नाही. त्याला अडसर मात्र नक्की होईल.

काही प्रश्नांवर तर सरळ बंदीच हवी. लग्न झालं का, मुलं किती, नवरा कुठे असतो, बाळंतपणाची रजा घ्याल का, हे स्त्री उमेदवारांना आजही विचारलं जातं. आडनाव ऐकून ‘मूळचे कुठले’ असं विचारलं जातं आणि त्यामागे काय जाणून घ्यायचं असतं हे दोन्ही बाजूंना माहीत असतं. मागासवर्गीय, महिला, दिव्यांग उमेदवार असताना त्या घटकातला शिक्षणतज्ज्ञ समितीत ठेवण्याची तरतूद याचसाठी आहे. त्यानं असा प्रश्न तिथल्या तिथे थांबवावा आणि इतिवृत्तात नोंद करायला सांगावी. उमेदवारानं उत्तर द्यायचं झालंच तर ‘कामाच्या वेळा आणि जबाबदाऱ्या मी वाचल्या आहेत, त्या पूर्ण करीन’ एवढंच म्हणून थांबावं. खुलासे देत बसू नये.

तयारीची संधीही सगळ्यांना सारखी मिळत नाही. नेट-सेटसाठी ठाण्यात, डोंबिवलीत, वाशीत क्लास आहेत. मुलाखतीसाठी कोणी नाही. ज्याचा मार्गदर्शक स्वतः समित्यांवर जातो त्याला आतलं सगळं कळतं, बाकीचे ऐकीव माहितीवर जातात. तीन महाविद्यालयांत तासिका घेणारा उमेदवार सकाळचं लेक्चर उरकून ट्रान्स-हार्बर लोकलनं धावत येतो, मराठवाड्यातून आलेला रात्रभर प्रवास करून पहाटे कल्याणला उतरतो, आणि दोघांनाही साडेनऊला बोलावून दुपारी चारला आत घेतलं जातं. साडेनऊला ताजा असलेला माणूस चारला तसा राहत नाही. विद्यापीठानं बाळकुमच्या ठाणे उपकेंद्रात सत्रातून एकदा सराव-मुलाखती ठेवाव्यात. निवृत्त प्राध्यापकांची या भागात कमतरता नाही, आणि खोल्या रविवारी रिकाम्याच असतात. पीएच.डी. देणाऱ्या प्रत्येक केंद्रानं प्रबंध सादर करणाऱ्या विद्यार्थ्याकडून एक पूर्ण वर्गपाठ घेतला पाहिजे. तो घेतल्याशिवाय माणसाला शिक्षकाच्या बाजारात पाठवणं बरोबर नाही.

यातलं बरंचसं करायला नवा कायदा लागत नाही, मुलाखतीच्या पत्रात सहा-सात ओळी वाढवाव्या लागतात. वर्गपाठाचा विषय आणि कोणत्या वर्षाचा वर्ग. मिळणारी मिनिटं. आत बोलावण्याची वेळ, अर्ध्या तासाच्या फरकानं का होईना, पण प्रत्येकाची वेगळी. वर्गपाठाला, विषयज्ञानाला आणि संशोधनाला किती गुण आहेत. कोणत्या भाषेत शिकवलेलं चालेल. निकालानंतर स्वतःची गुणपत्रिका किती दिवसांत पाहायला मिळेल. आणि ज्या वर्गात शिकवायचं आहे तिथे खडूचा फळा आहे की व्हाइटबोर्ड, हेही लिहावं.